गच्चीवरची दोरी

पत्र :

नमस्कार डॉक्टर. मी कसबा बावड्यात राहते, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाले. सून ३१ वर्षांची, नातू चार वर्षांचा. तो वर्षाचा झाला आणि हिला धाप लागायला लागली. आधी रक्त कमी म्हणून गोळ्या झाल्या, मग दमा म्हणून पंप झाला. शेवटी इकोत फुफ्फुसाचं प्रेशर वाढलेलं दिसलं. पुण्यात कॅथ (नळी घालून हृदयातलं प्रेशर मोजतात ती) झाली आणि 'पल्मनरी आर्टेरियल हायपरटेन्शन, कारण सापडत नाही' असं निदान मिळालं. सहा महिने सिल्डेनाफिल २० ची गोळी दिवसातून तीनदा चालू आहे. परवाच्या तपासणीत सहा मिनिटांत ३५५ मीटर चालली (आधी ३४०), रक्ताच्या तपासणीत एनटी-प्रोबीएनपी ७८० आला, इकोतलं प्रेशर ८५ वरून ७८ झालं. फाइलवर 'क्लास २' लिहिलंय. डॉक्टर म्हणतात, सोबत अ‍ॅम्ब्रिसेंटन जोडू. मुलगा म्हणतो, एका गोळीनं ती बरी आहे, दुसरी कशाला? त्यानं मोबाइलवर कुठंतरी 'अडीच-तीन वर्षं आयुष्य' असं वाचलंय, तेव्हापासून तो नीट जेवत नाही. सून घरातलं सगळं करते. फक्त कपडे आता गच्चीवर न नेता खाली अंगणात दोरी बांधून वाळत घालते, आणि स्वयंपाक खुर्चीवर बसून करते. तिला अजून एक मूल हवंय. मी कुणाला काय सांगू?

— बावड्याची एक सासू

बाई,

पत्र वाचतानाच कळलं की शाळेत शिकवलेल्या माणसानं लिहिलंय. मागचा आकडा, आताचा आकडा, सगळं जागच्या जागी. पण माझं लक्ष आकड्यांवरून घसरून गेलं ते तुमच्या अंगणातल्या दोरीवर. 'फक्त' म्हणून तुम्ही ती ओघात लिहिलीय. तुमच्या अख्ख्या पत्रातली सगळ्यांत महत्त्वाची तपासणी तीच आहे, आणि ती फाइलमध्ये नाही.

या आजारात माणूस फार बेमालूम आपलं जगणं आखडून घेतो. जिना चढला की धाप लागते, म्हणून जिना चढायचा नाही. उभं राहून भाकऱ्या थापल्या की दमायला होतं, म्हणून खुर्ची. मग धाप लागायचं कारणच उरत नाही आणि डॉक्टरांनी विचारलं की माणूस खरंच सांगतो, 'बरं आहे की.' खोटं बोलत नाही. दोरी खाली आल्यावर तिला धाप लागत नाही, एवढंच.

मी हे शहाणपणानं सांगत नाहीये, फसल्यावर शिकलेय. पुष्कळ वर्षांपूर्वी माझ्याकडं अशीच एक बाई यायची. हसतमुख, कपाळावर ठसठशीत कुंकू. दर वेळी 'लई फरक हाय बघा' म्हणायची आणि मी 'छान' म्हणून त्याच गोळ्या पुढं लिहून द्यायची. तिचं दळण आता दीर आणतो, पाणी जाऊ भरते, हे मी कधी विचारलंच नाही. तीन महिन्यांनी ती पोटात आणि पायात पाणी भरून अ‍ॅडमिट झाली. तेव्हापासून मी 'कशी आहेस' हा प्रश्न सोडला. 'मागच्या दिवाळीत करत होतीस आणि आता करत नाहीस असं काय आहे?' असं विचारते.

तर आता आकड्यांकडं येऊ. आधी एक आकडा बाजूला काढून ठेवते, कारण सगळं घर त्याच्याच मागं लागलेलं असतं. तो म्हणजे इकोतलं प्रेशर. ८५ चं ७८ झालं म्हणून मुलगा खूश असणार. बाई, तुमच्या भागात नदीवरून पाणी उचलून उसाला नेतात, त्यामुळं हे तुम्हाला लगेच पटेल. पाइप आतून चोंदत गेली की गेजचा काटा वर चढतो. पण मोटर तापून दमायला लागली की काटा आपोआप खाली येतो. तेव्हा कुणी गेज बघून 'पाइप मोकळी झाली' म्हणालं तर शेतकरी त्याला वेड्यात काढेल. इथंही तसंच. फुफ्फुसाकडं जाणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या आतून जाड आणि अरुंद होतात, आणि त्यांच्यातून रक्त ढकलायचं काम हृदयाच्या उजव्या कप्प्याकडं असतं. तो कप्पा जोरात असेल तर प्रेशर जास्त दिसतं. तो थकला की प्रेशर उतरतं, आणि ती वाईट बातमी असते. शिवाय इकोतला आकडा हा अंदाज असतो, खरं माप कॅथमध्ये मिळतं. म्हणून इकोच्या कागदावर प्रेशरच्या ऐवजी उजवा कप्पा किती फुगलाय आणि किती जोरानं आकुंचन पावतोय हे विचारा. (आणि हो, दंडाला पट्टा बांधून मोजतात त्या बीपीशी याचा संबंध नाही. शेजारच्या आजोबांच्या बीपीच्या गोळीनं हे सहसा उतरत नाही.)

मोटर किती दमलीय हे ओळखायला डॉक्टर तीन गोष्टी एकत्र बघतात. युरोपातल्या हृदयरोग आणि श्वसनरोग तज्ज्ञांच्या संघटनांनी २०२२ साली जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांत उपचार सुरू झाल्यानंतरच्या फेरतपासणीसाठी ही रीत दिलीय. तुम्हाला ती गुणपत्रकासारखी वाटेल, फक्त इथं कमी गुण म्हणजे चांगला निकाल.

पहिला विषय, रोजच्या जगण्यातला क्लास. नेहमीची कामं करताना त्रास नाही किंवा थोडाच आहे, तर तो क्लास १ किंवा २. दोन्हींना १ गुण. बसल्या जागी ठीक, पण नेहमीपेक्षा हलक्या कामानंही धाप लागते, तर क्लास ३ आणि ३ गुण. बसल्या-बसल्याही धाप, तर क्लास ४ आणि ४ गुण. दुसरा विषय, सहा मिनिटांत किती चाललं. ४४० मीटरच्या वर १ गुण, ३२० ते ४४० ला २, १६५ ते ३१९ ला ३ आणि त्याखाली ४. तिसरा विषय एनटी-प्रोबीएनपी. हृदयावर ताण आला की ते हे द्रव्य रक्तात सोडतं. ३०० च्या खाली १ गुण, ६४९ पर्यंत २, ६५० ते ११०० ला ३ आणि त्यापुढं ४. तिन्हींची बेरीज करायची, तिनानं भागायचं आणि जवळचा पूर्णांक घ्यायचा. ती जोखमीची पायरी: १ म्हणजे सगळ्यांत कमी, ४ म्हणजे सगळ्यांत जास्त.

आता तुमच्या सुनेचा निकाल फाइलप्रमाणं लावू. क्लास २ चा १, ३५५ मीटरचे २, ७८० चे ३. बेरीज ६, सरासरी २. म्हणजे 'मध्यम, पण कमीकडं झुकलेली' जोखीम.

आणि आता तुमच्या अंगणातली दोरी हिशेबात धरू. गच्चीचा एक जिना आणि ओट्यापाशी उभं राहणं ज्याला झेपत नाही, तो माणूस माझ्या मते क्लास २ नाही, ३ आहे. मग ३ अधिक २ अधिक ३, बेरीज ८. तिनानं भागलं तर पावणेतीनच्या जवळ, म्हणजे ३. 'मध्यम, पण जास्तीकडं झुकलेली.' एका दोरीनं पायरी बदलली.

पायरी बदलली म्हणजे काय, हे मी तुमच्यापासून लपवणार नाही. तुम्ही विचारलंय म्हणून सांगते, पण हे आकडे सुनेपुढं किंवा मुलापुढं कसे आणि कधी मांडायचे हे तिच्या डॉक्टरांवर सोडा. युरोपातल्या रुग्णांच्या मोठ्या नोंदवह्यांत पहिल्या पायरीवरच्या शंभरांपैकी वर्षभरात जास्तीत जास्त तिघं दगावले, दुसऱ्या पायरीवरचे २ ते ७, तिसऱ्या पायरीवरचे ९ ते १९, आणि चौथीवरचे विसाच्या वर. हे सगळे शंभरांतले हिशेब आहेत. तुमची सून शंभरांतली कितवी, हे त्यात लिहिलेलं नाही. त्यांचा उपयोग एवढाच की उपचार किती नेटानं करायचे ते ठरतं. आणि ज्या माणसाची पायरी उपचारानं खाली आली, त्याचा पुढचा हिशेब नव्या पायरीनं होतो, जुन्या नाही. म्हणून तर सगळा आटापिटा पहिल्या पायरीवर यायचा.

मुलानं वाचलेल्या 'अडीच-तीन वर्षां'चं मूळही सांगते. तो आकडा अमेरिकेतल्या एका नोंदवहीतला आहे. १९८० च्या दशकात रुग्ण नोंदवले, १९९१ ला निष्कर्ष छापले, आणि तेव्हा निम्मे रुग्ण २.८ वर्षांपलीकडं जगत नव्हते. पण त्या काळात या आजारावर खास असं एकही औषध नव्हतं. पहिलं औषध, शिरेतून सतत द्यायचं इपोप्रोस्टेनॉल, अमेरिकेत १९९५ ला मंजूर झालं. बोसेंटन २००१ ला आलं, आणि सिल्डेनाफिलला या आजारासाठी मंजुरी मिळाली २००५ ला. मोबाइल त्याला तीस वर्षांहून जुना पेपर वाचून दाखवतोय. त्याला हे सांगा आणि जेवायला बसवा.

आता त्याचा खरा प्रश्न. एक गोळी चालतेय तर दुसरी कशाला?

पहिलं म्हणजे, चालतेय का? ३४० चे ३५५ झाले, १५ मीटर वाढले. या चाचणीत तीस-बत्तीस मीटरपेक्षा कमी फरक असला तर रुग्णाला स्वतःला काही फरक जाणवत नाही. एवढा चढउतार तर पायांतल्या वहाणांनीही होतो. ही चाचणी तीस मीटरच्या सरळ पॅसेजमध्ये घ्यायची असते. दोन टोकांना खुणा, बोटाला ऑक्सिमीटर, तंत्रज्ञ ठरावीक वाक्यांपलीकडं बोलत नाही, मध्ये थांबलं तरी घड्याळ थांबत नाही. आमच्याकडं बायका येतात त्या साडी आणि चपलेत, पॅसेजमध्ये स्ट्रेचर आडवा, कडेला नातेवाइकांचे डबे. वळसा घालून जाण्यात मिनिट जातं. तेव्हा १५ मीटरवर आनंदही नको आणि दुःखही नको. सहा महिन्यांत ती होती तिथंच आहे, एवढाच त्याचा अर्थ.

दुसरं म्हणजे या रक्तवाहिन्या एकाच कारणानं आवळत नाहीत. एंडोथेलिन नावाचं द्रव्य त्यांना आवळतं आणि त्यांच्या भिंती जाड करतं, ते या आजारात वाढलेलं असतं. नायट्रिक ऑक्साइड आणि प्रोस्टासायक्लिन ही दोन द्रव्यं वाहिन्या सैल करतात, ती कमी पडतात. सिल्डेनाफिल किंवा टाडालाफिल नायट्रिक ऑक्साइडचं काम टिकवतात. अ‍ॅम्ब्रिसेंटन, बोसेंटन, मॅसिटेंटन एंडोथेलिनला अडवतात. प्रोस्टासायक्लिनच्या वाटेची औषधं वेगळी. तुमच्या सुनेची आज तिनांतली एक वाट धरलीय, दोन मोकळ्या आहेत. डॉक्टर दुसरी वाट धरा म्हणताहेत. त्याच वाटेनं जास्त जोरात जा असं म्हणत नाहीत. म्हणून 'त्यापेक्षा सिल्डेनाफिलचाच डोस दुप्पट करा' हा मार्ग नाही, हेही मुलाला सांगा.

हे कुणाच्या मनाला वाटलं म्हणून चाललेलं नाही. २०१५ साली अ‍ॅम्बिशन नावाची चाचणी छापून आली. पाचशे नवे रुग्ण होते. निम्म्यांना सुरुवातीपासून अ‍ॅम्ब्रिसेंटन आणि टाडालाफिल दोन्ही दिली, बाकीच्यांना दोनांपैकी एकच. मृत्यू, आजार वाढून अ‍ॅडमिट होणं, आजार बळावणं किंवा औषधाचा पुरेसा गुण न येणं, यांतलं काहीतरी एका गोळीवाल्यांत ३१ टक्क्यांना झालं, दोनवाल्यांत १८ टक्क्यांना. तेव्हापासून बहुतेक रुग्णांना पहिल्या दिवसापासून दोन गोळ्या, अशीच रीत पडलीय. मग तुमच्याकडं एकीनं सुरुवात का झाली? बहुधा खर्च बघून. सिल्डेनाफिल स्वस्त, म्हणून आपल्याकडं पुष्कळांची सुरुवात एकटीवर होते. त्यावरून आता डॉक्टरांशी भांडू नका. ते आज योग्य तेच सांगताहेत, आणि वरच्या गुणपत्रकात २ आले काय नि ३ आले काय, एकटी गोळी पुरी पडत नाही हे दोन्हीकडं खरंच आहे.

मग दोरीनं काय बिघडलं, असं तुम्ही म्हणाल. फरक पुढं पडतो. दुसरी गोळी जोडल्यावर तीन-चार महिन्यांनी परत हेच तीन विषय तपासायचे. तेव्हा ती दुसऱ्या पायरीवर असेल तर तिसरी गोळी जोडायचा किंवा सिल्डेनाफिल बदलायचा विचार होतो. तिसऱ्या-चौथ्या पायरीवर असेल तर गोष्ट सुईवर जाते. प्रोस्टासायक्लिनच्या जातीचं औषध शिरेतून किंवा कातडीखाली पंपानं चोवीस तास, आणि सोबत फुफ्फुस प्रत्यारोपणाच्या केंद्रात नाव घालण्याची बोलणी. त्या वेळी फाइलवर चुकीचा 'क्लास २' असला तर महत्त्वाचे महिने वाया जातात. म्हणून पुढच्या वेळी डॉक्टरांना दोरीचं आणि खुर्चीचं सांगा. ते क्लास बदलतील, त्यांना राग येणार नाही.

गोळ्या जितक्या जास्त तितकं बरं, असंही धरू नका. ट्रायटन नावाच्या चाचणीत सुरुवातीलाच तीन गोळ्या एकदम देऊन बघितल्या. फुफ्फुसाच्या वाहिन्यांमधला अडथळा दोन गोळ्यांवाल्यांपेक्षा काही जास्त उतरला नाही. सोटाटरसेप्ट नावाचं चौथ्या वाटेचं इंजेक्शन मार्च २०२४ मध्ये अमेरिकेत मंजूर झालंय, तीन आठवड्यांतून एकदा कातडीखाली देतात आणि परिणाम चांगले आहेत. पण ते अतिशय महाग आहे. आज तुमच्यापुढचा प्रश्न तो नाही. दारात उभी असलेली जेनेरिक गोळी सुरू करायची की नाही, एवढाच आहे.

सुरू करण्याआधी डॉक्टरांना दोन-तीन गोष्टी जरूर विचारा. व्ही-क्यू स्कॅन (फुफ्फुसात हवा आणि रक्त कुठं पोचतं ते दाखवणारा) झालाय का? जुन्या गुठळ्या फुफ्फुसात अडकून हुबेहूब असाच आजार होतो, आणि तो काही जणांत ऑपरेशननं बराच मोकळा करता येतो. तो निसटून चालत नाही. कॅथच्या वेळी वाहिन्या सैल होतात का याची चाचणी घेतली होती का? थोड्याच रुग्णांत ती सकारात्मक येते, पण त्यांना साध्या कॅल्शियम ब्लॉकरच्या (बीपीच्याच जातीच्या एका गोळीच्या) मोठ्या डोसनं गुण येतो. आणि थंडीत तिची बोटं पांढरी-निळी पडतात का, सांधे धरतात का? संधिवाताच्या जातीचे काही आजार मागं लपलेले असतात. हे सगळं आधीच झालं असेल, तर चांगलंच.

अ‍ॅम्ब्रिसेंटननं पहिल्या काही आठवड्यांत पाय सुजू शकतात, नाक चोंदतं, डोकं दुखतं, हिमोग्लोबिन थोडं उतरतं. सूज आली की औषधाची की हृदयाची हे घरी कळत नाही, म्हणून रोज सकाळी लघवी करून आल्यावर, चहाआधी, एकाच काट्यावर वजन. दोन-तीन दिवसांत दोन किलो चढलं तर फोन करायचा. केमिस्ट 'हीच जात, स्वस्तातली' म्हणून बोसेंटन देऊ लागला तर घेऊ नका. ते वाईट नाही, पण त्यात दर महिन्याला लिव्हरची तपासणी लागते आणि ते सिल्डेनाफिलचा जोर उतरवतं. बदल करायचाच तर डॉक्टर करतील. आणि सिल्डेनाफिल मागताना केमिस्ट गालातल्या गालात हसत असेल, मुलगा लाजून बोलत नसेल, तर तुम्ही जा. निवृत्त बाईंपुढं कोण हसतंय बघू.

आता जिवाशी गाठ असलेली एक गोष्ट. छातीत दुखलं की जिभेखाली सॉर्बिट्रेट (नायट्रेटच्या जातीची गोळी) ठेवायची आपल्याकडं घराघरात सवय आहे, सासऱ्यांच्या खिशात ती असतेच. सिल्डेनाफिल घेणाऱ्या माणसाला ती चालत नाही. दोन्ही मिळून बीपी एकदम तळाला जातं. रिओसिग्वॅट नावाचं औषधही सिल्डेनाफिलसोबत चालत नाही. सिल्डेनाफिल आणि टाडालाफिल दोन्ही एकदम तर नाहीतच, ती एकाच वाटेची आहेत. उद्या कुणी टीबीच्या गोळ्या सुरू केल्या तर त्यातलं रिफाम्पिसिन सिल्डेनाफिलचा असर घालवतं. 'सिल्डेनाफिल चालू आहे, नायट्रेट देऊ नये' असं एका कार्डावर मोठ्या अक्षरात मराठीत आणि इंग्रजीत लिहा. एक तिच्या पर्समध्ये, एक मुलाच्या पाकिटात. तुमचं अक्षर चांगलं असणारच.

मुलाचं. म्हणजे दुसऱ्या मुलाचं.

बाई, इथं मला गोड बोलता येत नाही. या आजारात गरोदरपण आईच्या जिवावर बेततं, आजच्या सगळ्या औषधांसह. बाळंतपणाच्या सुमारास आणि नंतरच्या दिवसांत उजव्या कप्प्यावरचा भार त्याला पेलत नाही. शिवाय अ‍ॅम्ब्रिसेंटनच्या जातीची औषधं गर्भाला व्यंग आणतात, म्हणून सुरू करण्याआधी आणि नंतर दर महिन्याला गरोदरपणाची चाचणी करायची असते. पाळी चार दिवस जरी लांबली तरी त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचं. तिला हे डॉक्टर सांगतीलच, पण तुमचं काम त्याहून अवघड आहे. 'नातवाला एक भावंड' हे वाक्य घरात, भावकीत, हळदीकुंकवाला परत कुणी काढणार नाही, याची तुम्ही राखण करायची. तिला ते हवंय असं तुम्ही लिहिलंत. तिला ते किती स्वतःला हवंय आणि किती चारचौघांत विचारलं जातं म्हणून हवंय, ते मला इथून कळत नाही. तुम्हाला कळेल.

आणि मग 'ऑपरेशन करून घेऊ तिचं' असं कुणीतरी म्हणेल. थांबा. तिला भूल देऊन पोटाचं ऑपरेशन करणं ही साधी गोष्ट राहिलेली नाही. इस्ट्रोजन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्यांनी गुठळ्यांचा धोका वाढतो, त्या नकोत. नवऱ्याची बिनटाक्याची नसबंदी थोड्या वेळात, जागेवर भूल देऊन होते, सरकारी दवाखान्यात मोफत होते, आणि तो त्याच दिवशी घरी येतो. फक्त नंतर तीन महिने दुसरं साधन वापरायचं आणि वीर्य तपासून खात्री करायची. आपल्याकडचे गडी तालमीत लाल माती अंगाला लावतील, पण नसबंदी म्हटलं की तोंड फिरवतात. बायकोसाठी काहीतरी करावं म्हणून जो मुलगा जेवत नाहीये, त्याला करण्यासारखं काम हे आहे.

रोजच्या जगण्यात फार बंधनं घालू नका. तांबडा-पांढरा बंद नाही, पण वाटी एक, आणि लोणचं, पापड, सुकट, खारवलेल्या मिरच्या ताटातून उठवा. मीठ गेलं की पाण्याची (लघवी वाढवून अंगातलं पाणी काढणारी) गोळी कमी लागते. चालणं सोडायचं नाही. रंकाळ्यावर सपाटीनं, बोलता येईल एवढ्या वेगानं, शक्यतो आधी तज्ज्ञांच्या देखरेखीखाली शिकून. पन्हाळ्याला गाडीनं जायला हरकत नाही, उंची सुमारे तीन हजार फूट आहे, काळजी सुरू होते ती पाच हजारांच्या वर. पण जोतिबाच्या पायऱ्या चढून जायचा नवस कुणी बोलला असेल तर तो देवाशी बोलून बदलून घ्या. नवरात्रात अंबाबाईचे नऊ दिवस कडक उपास आणि पाण्याची गोळी, ही जोडी चक्कर आणते. फ्लूची आणि न्यूमोनियाची लस द्या, रक्तातलं लोह तपासा.

गोळ्या एक दिवसही खंडू द्यायच्या नाहीत, म्हणून एक बावड्याचंच सांगते. ऑगस्ट २०१९ ला पंचगंगा पसरली आणि महामार्ग कित्येक दिवस बंद राहिला. जुलै २०२१ ला परत तेच. त्या दिवसांत गावात औषधाची गाडी येत नव्हती. मृगाचा पाऊस पडायच्या आत महिनाभराच्या जादा गोळ्या घरात असाव्यात, आणि त्या खालच्या कपाटात नकोत, माळ्यावर असाव्यात.

चक्कर येऊन ती पडली, खोकल्यात रक्त आलं, पोट-पाय झपाट्यानं सुजले, तर पुढच्या तारखेची वाट बघायची नाही. शुद्ध हरपणं हे या आजारात धोक्याचं लक्षण आहे, 'ऊन लागलं असेल' म्हणून त्यावर सरबत पाजू नका.

एक वही घाला. तारीख, वजन, क्लास, चाललेले मीटर, एनटी-प्रोबीएनपी. यातली एनटी-प्रोबीएनपीची तपासणी दर वेळी त्याच लॅबमध्ये, आणि 'बीएनपी' नावाची दुसरी तपासणी असते तिचे आकडे वेगळे, दोन्हींची गल्लत नको. उजवीकडं एक रकाना मोकळा सोडा. त्यात ती काय करायचं सोडली आणि काय परत करायला लागली, ते लिहा. पहिली नोंद दोरीची.

पुढच्या तपासणीला जाताना फाइल, वही, चालू गोळ्यांची पाकिटं आणि तिचे बूट घ्या. चपलेवर चालू देऊ नका. आणि डॉक्टरांनी 'कसं वाटतंय' विचारलं की तिच्या आधी मुलानं उत्तर द्यायचं नाही.